गादीवाल्याशेजारची बाई

'मागोमाग' असं लिहिलेल्या बटणावर माझं बोट टेकलं होतं, दाबायचं तेवढं बाकी होतं, आणि मला पडद्यावरच्या बाईच्या पिशवीचा पट्टा दिसला. काळ्या पिशवीचा काळा पट्टा, आणि खांद्याजवळ निळ्या दोऱ्याने घातलेले ओबडधोबड टाके. घरात काळा दोरा सापडेना म्हणून ते टाके मीच निळ्याने घातले होते. म्हटलं, खांद्यावरचे टाके बघायला कोण बसलंय. तर मीच बसले होते. पिशवी माझ्या खुर्चीच्या पाठीला लटकत होती. मी मागे हात नेऊन टाके चाचपले. होते. बोट बटणावरून उचललं. पडद्यावर ती बाई फूटपाथच्या कडेला उभी होती, चेहऱ्याच्या जागी धुरकट ठिपका, एक हात गालाला, दुसरा नुसताच लोंबणारा, टाचा जुळवलेल्या. तिच्या शेजारी खांद्यावर गुंडाळलेली गादी घेतलेला एक माणूस होता आणि त्याने नुकताच एक पाय रस्त्यावर टाकला होता. तिथे क्लिप संपत होती. मी ती परत लावली. परत तिथेच संपली.

आमचं काम सांगायला सोपं आहे, पण सांगितलं की लोक हसतात, म्हणून मी 'कॉम्प्युटरवर असतं' एवढंच सांगते. शहरात काही पांढऱ्या गाड्या फिरतात, टपावर डब्यासारखं काहीतरी गरगरत असतं, त्या आपल्या आपण चालतात. अजून शिकताहेत, म्हणून आत एक माणूस हात मांडीवर ठेवून बसलेला असतो. गाडीला रस्ता कळतो, सिग्नल कळतो, खड्डासुद्धा कळतो. कळत नाही तो माणूस. कडेला उभा असलेला माणूस आता रस्त्यात उतरणार की तिथेच राहणार हे तिला शिकवायचं, आणि ते शिकवायला आम्ही. गाडीने टिपलेल्या क्लिपा आमच्याकडे येतात, माणूस काहीतरी करणार त्याच्या ऐन आधी कापलेल्या. आम्ही बघायचं आणि सांगायचं: ओलांडणार, नाही ओलांडणार, सांगता येत नाही. खाली कारणांची बटणं: फोनवर आहे, वाट बघतोय, घाईत आहे, मागोमाग. 'सांगता येत नाही' हे बटण आहे खरं, पण ते दाबलेलं कोणाला आवडत नाही. नव्याने आलेल्यांना मीच सांगत आले आहे की सांगता येत नाही हे सांगायला पगार कशाला हवा, ते कोणीही फुकट सांगेल. एखाद्या क्लिपवर एकमत झालं नाही की ती माझ्याकडे येते आणि माझा शब्द शेवटचा. घरात माझा शब्द शेवटचा नसतो, पहिलाही नसतो, त्यामुळे सुरुवातीला मला याची मोठी गंमत वाटायची. शिवाय कोपऱ्यात एक तांबडं बटण असतं: 'ओळखीची व्यक्ती'. ते दाबलं की क्लिप आपल्याकडून काढून दुसऱ्या कोणाकडे जाते, कारण ओळखीच्या माणसाबद्दल अंदाज नीट येत नाही म्हणे. मी त्या तांबड्या बटणाकडे बघत राहिले. ही बाई माझ्या ओळखीची म्हणायची का? पट्टा ओळखीचा होता. उभं राहणं अजिबात ओळखीचं नव्हतं. मी अशी उभी राहते? जसं मला कोणी इथे ठेवून गेलंय आणि येताना घेऊन जाणार आहे?

क्लिपच्या कोपऱ्यात गेल्या महिन्यातली तारीख होती, मंगळवार, आणि मागे चष्म्याच्या दुकानाची पाटी. त्या मंगळवारी मी अर्धी सुट्टी टाकून दाढ काढायला गेले होते, त्या दुकानाच्या वरच्याच मजल्यावर. म्हणजे गालाला हात त्यासाठी. अर्धं तोंड बधिर, कापसाचा बोळा दाबून धरलेला, जिभेने गाल चाचपावा तर तो गाल दुसऱ्या कोणाचा तरी. जिना उतरताना नवऱ्याचा फोन आला. त्याचा आवाज इतका खुशीत होता की मी दोन पायऱ्यांच्या मध्येच थांबले. "झाली बदली! वरच्या जागेवर! शहर लांब आहे जरा, पण घर कंपनी देणार. एकट्याला लहान, जोडप्याला मोठं. मोठंच मागू ना? येशील ना तू?" मी म्हटलं, "हं." तोंडात बोळा होता, त्याच्याभोवतून एवढंच निघत होतं. तो म्हणाला, "वा! मला माहीतच होतं." संध्याकाळी घरी गेले तर सासूबाईंनी मोठ्या घराला पडदे किती लागतील याचा विचार सुरू केलेला, आणि नवरा मला बर्फ आणून देत म्हणत होता, "बोलू नकोस, दुखेल." मी मनाशी म्हटलं, बधिरपणा उतरला की बोलू. बधिरपणा त्याच रात्री उतरला. 'हं' तसाच राहिला. पुढे रोज त्याच्यावर काहीतरी रचलं गेलं, पडदे, कपाट, तिकडची थंडी, आणि आता खालून तो एवढासा 'हं' काढायचा म्हणजे सगळं अंगावर येणार. आज संध्याकाळपर्यंत नवऱ्याला कंपनीला कळवायचं होतं, लहान घर की मोठं. सकाळी दारात बूट घालताना तो म्हणाला, "आज सांगून टाकतो हं, मोठं." मी म्हटलं, "संध्याकाळी बोलू आपण." त्याने मान वर करून बघितलं. "आता काय बोलायचं राहिलंय?" रागाने नाही. तो रागावत नाही. माझा नवरा चांगला माणूस आहे आणि सगळी पंचाईत तीच आहे. वाईट असता तर मला एव्हाना कळलं असतं की मला जायचं नाही. आता मला हेच कळत नाही की मला जायचं नाहीये, की नुसतं तोंडात बोळा नसताना एकदा विचारायला हवं आहे.

ही क्लिप माझ्याकडे का आली ते बघितलं तर दोघांनी 'ओलांडणार' म्हटलं होतं आणि एकीने 'नाही'. दोघांपैकी एक आमचा अंतर्यामी. हे त्याला आम्ही दिलेलं नाव. त्याला ते कौतुक वाटतं. तो माझ्या डाव्या हाताला बसतो, गेली तीन वर्षं, आणि 'नाही' म्हणणारी, आमच्यातली धाकटी, उजव्या हाताला. मी बोलावण्याआधीच अंतर्यामी खुर्ची सरकवत आला. त्याच्या तोंडाला वेलचीचा वास येत होता. "यात वाद कसला? बघा ना. गादीवाला निघाला, ही निघणार. अशा बायका ओलांडतातच. स्वतःहून नाही, पण शेजारचा हलला की हलल्याच." मी विचारलं, "अशा म्हणजे कशा?" "अशा म्हणजे…" त्याने पडद्यावरच्या माझ्या खांद्यावर पेनाचं टोक टेकवलं. "या. खांदे बघा. भांडून आलीय नवऱ्याशी, गालाला हात आहे. रस्त्याकडे लक्ष तरी आहे का? गादीवाल्याच्या चपलांकडे बघतेय. आणि मागोमाग हा प्रकार आम्हाला शिकवला कोणी? तुम्हीच." धाकटी उजवीकडून म्हणाली, "मला नाही वाटत. टाचा बघा तिच्या, कशा जुळवून ठेवल्यात. तिला कुठे जायचंच नाहीये." अंतर्यामी हसला. "तुला कधी कोणी जाईलसं वाटतं?" ते खरं होतं; धाकटीचं उत्तर दहातल्या आठ वेळा 'नाही' असतं, तेवढंच एक बटण हाताशी लागतं म्हणून. दोघं माझ्या दोन्ही बाजूंनी वाकून बघत होते, मध्ये मी, आणि खुर्चीला पिशवी. दोघांचे डबे मी कितीदा खाल्लेत, माझे त्यांनी. एकालाही वाटलं नाही की ही आपलीच बाई आहे. मला हसू येत होतं. मी म्हटलं, "दाढ काढली असेल तिची." अंतर्यामी म्हणाला, "दाढेसाठी कोणी असं उभं राहतं होय? हे दुखणं वेगळं." आणि तो खुर्ची घेऊन परत गेला.

मागोमाग मीच शोधलं हे खरं. नोकरीच्या पहिल्या वर्षी शेकडो क्लिपा बघून माझ्या लक्षात आलं की काही माणसं रस्त्याकडे बघतच नाहीत, शेजारच्याच्या पायाकडे बघतात. त्याचा पाय उचलला की यांचा उचलतो, मग गाडी येत असो नसो. गाडीच्या दृष्टीने हीच माणसं सगळ्यात धोक्याची, कारण गाडी त्यांच्याकडे बघत असते आणि ही माणसं तिसऱ्याकडेच. मी हे बैठकीत सांगितलं, वरच्यांना पटलं, बटण आलं, टाळ्याही वाजल्या. तेव्हा कोणी विचारलं नाही की तुला हे सुचलं कसं. मीही विचारलं नाही. आता त्या गालाला हात लावलेल्या बाईकडे बघताना एकेक गोष्ट आपोआप समोर येऊन उभी राहायला लागली. मैत्रीण ज्या कॉलेजात गेली तिथे मी गेले. तिने विषय बदलला, मीही बदलला, मग तिने परत पहिला घेतला तेव्हा माझी मुदत संपली होती. ताईचं लग्न झालं म्हणून माझं ठरलं. ताईच्या सासरच्यांनीच हे स्थळ आणलं, बघायला आलेला मुलगा बशीत चहा सांडून लाजला, मला तो आवडला की त्याची लाज आवडली हे ठरवायच्या आत सगळे एकमेकांचं अभिनंदन करत होते. ही नोकरीसुद्धा शेजारणीने अर्ज भरला म्हणून. तिला मिळाली नाही. म्हणजे माझ्या आयुष्यात दर वळणावर कोणीतरी गादी घेऊन उभं आहे, आणि मी त्याच्या चपलांकडे बघतेय. हे इतकं नीट जुळत होतं की मला त्याचाच संशय यायला लागला. अंदाज फार नीट जुळला की तो परत तपासायचा, हेही मीच शिकवते.

तेव्हा मला ती एक गोष्ट आठवली. उलट साक्ष द्यायला आल्यासारखी आली. लहान असताना मी एकदा ओलांडलं नव्हतं. शाळेसमोरचा मोठा रस्ता, बाबा, ताई आणि मी. ताई पळत पलीकडे गेली आणि मी अलीकडेच थांबले, हट्टाने, का ते माहीत नाही. बाबांनी मला ओढलं नाही. माझ्याबरोबर उभे राहिले, हात मागे बांधून, आणि म्हणाले, "तुला वाटेल तेव्हा जाऊ." ताई पलीकडून हाका मारतेय, उशीर होतोय, आणि बाबा आपले शांत उभे, बुटाला ताज्या पॉलिशची चमक. ही गोष्ट मी मनात फार जपून ठेवली आहे. कधी फार मागोमाग झालं की काढून बघते: एकदा तरी मी माझी थांबले होते. पण शेवटी काय झालं ते आठवत नाही. मी 'चला' म्हटलं, की बाबांनी हात धरला? तिथे ही आठवणही कापलेली. जेवणाच्या सुट्टीत मी जिन्यात जाऊन बाबांना फोन लावला. ते ताईकडे असतात. कामाच्या दिवशी भर दुपारी फोन आला म्हणून घाबरले. "बरी आहेस ना?" मी म्हटलं, "बरी आहे हो. शाळेसमोर मी एकदा रस्ता ओलांडायची नाही म्हणून अडून बसले होते, आठवतं तुम्हाला?" बाबा म्हणाले, "तू नाही गं. अडली ती ताई. तू तर सुटलीसच." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही आम्हा दोघींना उलटसुलट करता नेहमी." "नावं उलटसुलट करतो. मुली नाही करत." मागून ताईचा आवाज आला आणि तिने फोन घेतला. "अगं मीच होते ती! मला भीती वाटली म्हणून बाबा माझ्याजवळ थांबले. तू पलीकडे उभी राहून भोकाड पसरलेलंस. आम्ही तिघं यावरून किती हसायचो!" मी विचारलं, "मी कोणाच्या मागे गेले पण?" "कोणाच्या मागे म्हणजे?" "कोणी पुढे गेलं असेल ना माझ्या? कोणीतरी?" ताई म्हणाली, "कोणी नव्हतं. रस्ता रिकामा होता, तू हात सोडवलास आणि सुटलीस. तुझं काय चाललंय? भांडलात का दोघं?"

मी जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिले. भिंतीचा गारवा पाठीला लागत होता. दोघांना चूक आठवत असेल, म्हाताऱ्या माणसाचं काय आणि ताईचं तर सांगूच नका, प्रत्येक गोष्टीत ती असतेच. मी डोळे मिटून ती आठवण परत लावली. बाबा उभे आहेत, हात मागे, डोक्यापासून बुटापर्यंत. आणि तिथे माझ्या कामाचं डोकं जागं झालं. डोक्यापासून बुटापर्यंत कसे दिसतात? मी त्यांच्या शेजारी असते तर मला बाही दिसली असती, पॅन्टची शिवण दिसली असती, फार तर हनुवटी. अख्खा माणूस दिसतो तो समोरून, रस्त्याच्या पलीकडून. म्हणजे मी पलीकडे होते. 'तुला वाटेल तेव्हा जाऊ' हे मी ऐकलं कसं मग? ऐकलं नव्हतंच बहुतेक. ताईने नंतर सांगितलं असेल, आणि मी ते उचलून माझ्या खिशात टाकलं. इतकी वर्षं मी दुसरीचं थांबणं स्वतःचं म्हणून जपत होते, आणि माझं स्वतःचं पळणं कुठे गेलं ते मला माहीतही नव्हतं. मला वाटलं होतं बाबांना विचारून काहीतरी एक हातात येईल. होतं तेही गेलं. थांबणारी मी नव्हे, आणि ताईचं खरं असेल तर मागोमाग जाणारीही मी नव्हे. मग अंतर्यामीच्या पेनाखाली जी उभी होती ती कोण? तळ्यात-मळ्यात खेळताना सांगणाऱ्यानेच मध्ये बोलणं थांबवावं आणि आपण एक पाय उचलून तसंच उभं राहावं, तसं काहीतरी झालं.

वर आले ती सरळ इंजिनिअरकडे गेले. कापलेल्या क्लिपांचा उरलेला भाग त्याच्याकडे असतो. आमचं उत्तर आधी नोंदवायचं, मग तो खरं काय झालं त्याच्याशी ताडून बघतो. आधी आम्हाला दाखवत नाही, नाहीतर सगळेच अंतर्यामी. त्याच्या टेबलावर केळीची सालं आणि वायरींचा गुंता होता. मी क्लिपचा नंबर सांगितला. "उरलेली बघायची आहे." तो म्हणाला, "तुम्हीच असं म्हणायला लागलात तर कसं व्हायचं?" मी म्हटलं, "एकदाच. काम आहे." त्याने माझ्याकडे पाहिलं, काय दिसलं कोण जाणे, आणि की-बोर्ड ओढला. स्वतःचं काय झालं हे बघायला मी परक्या माणसाच्या खुर्चीमागे वाकून उभी होते, आणि मला खरंच माहीत नव्हतं. दाढेचं आठवतं, जिना आठवतो, 'हं' आठवतो, नंतर एकदम घरातला बर्फ. मधला रस्ताच नाही. ओलांडल्याशिवाय घरी पोहोचले कशी, हे कोणीही म्हणेल. पण खाली चौकात पादचारी पूल आहे, आणि कधीकधी मी त्याने जाते. इंजिनिअर म्हणाला, "नाहीये." "म्हणजे?" "बाईचं पुढचं नाहीच आहे. गाडी तिथून डावीकडे वळली. बाई कॅमेऱ्याबाहेर गेली. गादीवाला दिसतो कडेकडेला, पलीकडे पोहोचलेला. बाईचं काय झालं ते कोणालाच माहीत नाही." मग खुर्ची फिरवून तो म्हणाला, "अशा क्लिपा टाकूनच देतो आम्ही. उत्तरच नसेल तर शिकवायचं काय? ही चुकून आली तुमच्याकडे. तुम्ही काय लिहिताय त्याने काही फरक पडत नाही." तो हे मला बरं वाटावं म्हणून सांगत होता.

जागेवर येऊन मी 'सांगता येत नाही' दाबलं. बाकी काही नाही. तांबड्या बटणाला हात लावला नाही. ओळखीची म्हणायला तोंड नव्हतं. अंतर्यामीच्या पडद्यावर निकाल गेला तसा तो उठूनच उभा राहिला. "काय हे! तुम्ही? आता आम्ही कोणाच्या तोंडाकडे बघायचं?" धाकटीने टाळी वाजवली. मला वाटलं होतं लाज वाटेल. वाटली नाही. उलट बऱ्याच दिवसांनी खरं बोलल्यासारखं वाटलं, आणि त्याची भीतीही वाटली, कारण तेच उत्तर संध्याकाळी नवऱ्याला देता येईल का हे माझ्या मनात तेव्हाच येऊन गेलं. नवऱ्याला कोणी असं उत्तर देतं का? हो म्हणावं, नाही म्हणावं, रडावं, भांडावं. सांगता येत नाही म्हणजे काय उत्तर झालं? माणूस दोन घरांतलं एक घर मागायला बसलाय.

सुटल्यावर मी पुलाकडे न जाता चष्म्याच्या दुकानासमोर आले. मुद्दाम आले असं म्हणायला हवं, पण पाय आपोआप वळले असंही म्हणता येईल. मी आता स्वतःबद्दल काही ठाम बोलायचं सोडलं होतं. सिग्नल नसलेली ती जागा, ऑफिसं सुटलेली, दोन्हीकडून गाड्यांची रांग. कडेला सात-आठ जण उभे. मी त्यांच्यात जाऊन उभी राहिले आणि टाचा जुळल्या तशा सोडवल्या. कसं उभं राहायचं तेच सुचेना. हात कुठे ठेवतात माणसं? तेवढ्यात ती आली. पांढरी, टपावर गरगरणारा डबा, आत हात मांडीवर ठेवून बसलेला माणूस. ती हळू झाली, आणखी हळू झाली, आणि बरोबर माझ्यासमोर थांबली. तिला वाटलं, ही ओलांडणार. तिला कोणी शिकवलं होतं ते मला पक्कं माहीत होतं. गाडी थांबली तशी माझ्या दोन्ही बाजूंची माणसं निघाली, एकाचा पाय उचलला, मग सगळ्यांचे, आणि माझ्या आत ते ओळखीचं सुरू झालं, चला, चला, सगळे चालले. माझा डावा पाय सुटलाही असेल. पण मी गेले नाही. का, ते विचारू नका. सगळे पलीकडे गेले, मी एकटी उरले, आणि गाडी अजून थांबलेलीच. मागून हॉर्न सुरू झाले. आतला माणूस वैतागून हात हलवायला लागला, जा ना बाई, जा. मी हाताने म्हटलं, तुम्ही जा. गाडीला हात कळत नाहीत अजून; ते पुढच्या वर्षी शिकवायचं ठरलंय. ती वीतभर पुढे आली, मी दचकले, ती परत थांबली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली, आणि मला तिची मनापासून कीव आली. माझ्यासाठी एवढं कोणी खोळंबलं की मला ओलांडावंसं वाटतं, लाजेपोटी, त्यांचा खोळंबा नको म्हणून. मी जगात जे जे केलं त्यातलं किती या लाजेपोटी केलं! मग मी कामातली युक्ती वापरली. खांदा फिरवला. रस्त्याकडे पाठ करून चष्म्यांच्या काचेसमोर उभी राहिले. त्याबरोबर मागे गाडी सुटल्याचा आवाज आला, तिच्यामागे सगळी रांग. काचेत शंभर चष्मे होते आणि त्यांच्या मागे एक बाई पिशवीचा पट्टा घट्ट धरून उभी होती.

नवऱ्याचा फोन त्याच वेळी आला. "फॉर्म समोर आहे माझ्या. मोठं लिहू ना?" तोंड रिकामं होतं. जीभ दाढेच्या खड्ड्यात गेली. तिथे आता मऊ, भरत आलेलं मांस होतं. मी म्हटलं, "लहान लिही." "म्हणजे तू येत नाहीयेस?" "असं नाही म्हणत मी." "मग येतेयस?" "तसंही नाही. मला सांगता येत नाही." "असं कसं सांगता येत नाही? तू हो म्हणाली होतीस." "मी हं म्हटलं होतं. दाढ काढली होती माझी." तो हसेल असं मला वाटलं, कारण ते हसण्यासारखंच होतं, पण तो हसला नाही. "एवढे दिवस काही बोलली नाहीस." "नाही बोलले." "माझ्यावर राग आहे का?" त्याचा आवाज चहा सांडला होता तेव्हासारखा झाला, आणि मला इतकं भरून आलं की मोठं लिही हे शब्द अगदी दातांपर्यंत आले. मी म्हटलं, "नाही रे. तू जा. माझ्यासाठी थांबू नकोस. तू थांबलास की मी निघते, आणि मग मला कधीच कळत नाही मी का निघाले. तू तिकडे जाऊन राहा. मला यायचं असेल तर मी येईन, लहान घरातसुद्धा येईन. नाही आले तर…" त्याच्या मागे कोणीतरी त्याला साहेब म्हणून हाक मारली. "लहान लिहितो," तो म्हणाला, अगदी हळू. "आईने विचारलं तर तू सांग." आणि मग सवयीने, "आता आहेस कुठे?" "रस्त्याच्या कडेला." "सांभाळून ओलांड."

फोन पिशवीत टाकला. काय करून बसले ते कळत नव्हतं. चांगलं केलं की संसाराला चूड लावली, हे पुढे कोणीतरी मला सांगेल बहुतेक, नाहीतर तेही कापलेलंच राहील. मी परत रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. गाड्या विरळ झाल्या होत्या. शेजारी एक बाई येऊन उभी राहिली, माझ्याच वयाची, हातात भाजीची जड पिशवी, दमलेली. एक गाडी गेली, मग दुसरी, मग बरीच मोकळी जागा आली आणि तरी ती हलली नाही. मी तिच्याकडे पाहिलं. तिचं रस्त्याकडे लक्षच नव्हतं. ती माझ्या चपलांकडे बघत होती.

"अहो, माझं काही खरं नाही," मी तिला म्हटलं. "तुम्ही तुमचं बघून जा."